लाकडी घाण्यासाठी सरकारी योजनेतून कर्ज : अनुदान, तारण आणि खेळते भांडवल यांबाबत मार्गदर्शन हवे

प्रश्न : घाणा_खटाव

सर्वांना नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात राहते. गेली दोन वर्षे मी शेंगदाणा आणि करडई विकत घेऊन, शेजारच्या गावातील लाकडी घाण्यावर किलोमागे मजुरी देऊन तेल काढून आणते आणि वडूज, सातारा व पुण्यातल्या ओळखीच्या घरांना विकते. महिन्याला साठ लिटरच्या आसपास तेल जाते. अन्न सुरक्षा नोंदणी आणि उद्यम (लघुउद्योगाची सरकारी) नोंदणी माझ्याच नावावर आहे, शिक्षण बारावीपर्यंत झाले आहे आणि ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचत गटात मी सहा वर्षांपासून सभासद आहे.

आता स्वतःचा घाणा बसवावा असे मनात आहे. दोन घाणे, तेल गाळण्याचे यंत्र, शेंगा फोडणी यंत्र आणि बाटल्या भरण्याची सोय मिळून ६ लाख ४० हजारांचे कोटेशन आले आहे. जुन्या गोठ्याची शेड दुरुस्त करणे आणि थ्री फेज वीजजोड घेणे यांना १ लाख ६० हजार लागतील, आणि वर्षभराचा माल घेण्यासाठी ४ लाख धरले आहेत. असा एकूण १२ लाखांचा प्रकल्प होतो. माझ्याजवळ स्वतःचे सव्वा लाख रुपये आहेत.

तीन ठिकाणी तीन वेगवेगळी उत्तरे मिळाल्यामुळे मी पुरती गोंधळले आहे. यंत्रविक्रेता म्हणतो की पस्तीस टक्के अनुदान मिळते, कोटेशन १४ लाखांपर्यंत वाढवून देतो, म्हणजे पदरचा एक रुपयाही घालावा लागणार नाही. बँकेचे शाखाधिकारी म्हणतात की मिस्टरांच्या नावावरील शेतीचा सातबारा तारण म्हणून आणा, नाहीतर ५ लाखांपर्यंतचे मुद्रा कर्ज घ्या. तालुक्यातील एक गृहस्थ दहा टक्के घेऊन सगळे करून देतो असे सांगतात. अनुदान हातात कधी मिळते, जमीन खरोखर तारण द्यावी लागते का, आणि माझ्यासारखीने नेमकी कोणती वाट धरावी, हे कृपया कोणी समजावून सांगेल का? खरीप शेंगा दसरा-दिवाळीच्या सुमारास बाजारात येतील, म्हणून घाईही आहे.

उत्तर १ : निवृत्त_शाखाधिकारी

ताई, मी एकतीस वर्षे बँकेत काढली आणि त्यातील बहुतेक वर्षे सातारा व सांगली जिल्ह्यांत शेती आणि लघुउद्योगाची कर्जे पाहिली. आपला प्रश्न नीट मांडलेला आहे, आकडेही दिलेले आहेत, त्यामुळे मीही आकड्यांतच बोलतो.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करायला हवा. सरकारी योजनेतून कर्ज मिळते असे आपण सगळेच म्हणतो, परंतु यांपैकी कोणत्याही योजनेत सरकार आपल्याला कर्ज देत नाही. कर्ज बँकच देते, ठेवीदारांच्या पैशातून देते आणि ते पूर्ण वसूल करण्याची जबाबदारीही बँकेचीच असते. सरकार फक्त तीनांपैकी एक गोष्ट करते : कर्जाचा काही भाग अनुदानाने फेडते, किंवा बुडीत कर्जाची हमी बँकेला देते, किंवा आपण भरलेले व्याज परत करते. या तिन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या की आपली झाली तशी अवस्था होते.

मुद्रा योजना एप्रिल २०१५ पासून सुरू आहे. तिच्यात ५० हजारांपर्यंत शिशू, ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण, आणि तरुण कर्ज पूर्ण फेडणाऱ्यांसाठी २० लाखांपर्यंत तरुण प्लस असे टप्पे आहेत. तिच्यात अनुदान नाही. कागदपत्रे कमी लागतात आणि काम त्यामानाने लवकर होते, हा तिचा खरा फायदा.

पस्तीस टक्क्यांचा जो उल्लेख विक्रेत्याने केला, तो बहुधा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा, म्हणजे पीएमईजीपीचा असावा. ही योजना २००८ मध्ये आधीच्या दोन योजना एकत्र करून आली आणि ती खादी व ग्रामोद्योग आयोगामार्फत चालते. उत्पादन उद्योगासाठी प्रकल्पाची मर्यादा ५० लाख आहे. ग्रामीण भागातील सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिलांसह विशेष गटाला ३५ टक्के अनुदान मिळते, आणि विशेष गटाने स्वतःचे ५ टक्के घालायचे असतात. आपल्या १२ लाखांच्या प्रकल्पात म्हणजे ६० हजार आपले, ११ लाख ४० हजार बँकेचे कर्ज आणि ४ लाख २० हजार अनुदान.

आता हे ४ लाख २० हजार आपल्या हातात येत नाहीत, हे पक्के ध्यानात ठेवा. ती रक्कम त्याच बँकेत आपल्या नावाने तीन वर्षे मुदत ठेवीत राहते. त्या ठेवीवर आपल्याला व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर बँकेनेही व्याज लावायचे नसते. तीन वर्षांनी उद्योग चालू आहे याची जागेवर पाहणी झाली की मगच ती रक्कम कर्जात वळती होते. मधल्या काळात उद्योग बंद पडला, तर अनुदान परत जाते आणि पूर्ण कर्ज आपल्या डोक्यावर राहते.

तारणाबाबत सांगायचे तर सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०१० मध्ये आला; आज ही मर्यादा किती आहे, ते मात्र शाखेत विचारून घ्या. यंत्रे आणि माल यांवर बँकेचा बोजा राहतो, तो वेगळा. आपली मागणी ११ लाख ४० हजारांची असल्यामुळे शाखाधिकाऱ्यांना सातबारा मागायला जागा मिळाली. अर्थात त्यावरही उपाय आहे. केंद्र सरकार आणि सिडबी ही लघुउद्योग विकास बँक यांनी २००० मध्ये स्थापन केलेला जो पत हमी न्यास आहे, ज्याला सगळे सीजीटीएमएसई म्हणतात, त्याच्या हमीवर बँक तारणाशिवाय १० लाखांच्या वरचे कर्जही देऊ शकते. १० लाखांपर्यंतच्या कर्जाला वर्षाला ०.३७ टक्के आणि त्यापुढे ५० लाखांपर्यंत ०.५५ टक्के, असे त्या हमीचे मूळ शुल्क आहे. मात्र ही हमी बँकेला मिळते, आपल्याला नाही. कर्ज थकले तर न्यास बँकेचे बरेचसे नुकसान भरून देतो, तरीही वसुलीची कारवाई आपल्यावर चालूच राहते आणि सिबिलवरचा डागही आपल्याच नावावर राहतो. हमी आहे म्हणजे कर्ज माफ, असे समजून बसलेली अनेक भली माणसे मी कोर्टाच्या पायऱ्या चढताना पाहिली आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

वाढीव कोटेशनच्या वाटेला कृपया जाऊ नका. १२ च्या जागी १४ लाख दाखवले, तर वरच्या २ लाखांवर व्याज आपण भरणार आहात, विक्रेता नाही. पाहणीच्या वेळी यंत्राचे बिल आणि जागेवरील यंत्र यांचा मेळ बसला नाही, तर अनुदान तर जातेच, शिवाय बँकेची फसवणूक केल्याचा ठपका येतो.

शेवटी एक प्रश्न मीच आपल्याला विचारतो, कारण कोणताही जाणता शाखाधिकारी तो विचारेल. आज आपण महिन्याला साठ लिटर तेल विकता. हा १२ लाखांचा प्रकल्प चालायला महिन्याला किती लिटर विकावे लागेल, याचा हिशोब आपण केला आहे का?

उत्तर २ : तासगावची_मसालेवाली

ताई, मी २०२१ मध्ये पीएमईजीपीतून मसाल्याचा कांडप आणि दळण उद्योग उभा केला. प्रकल्प ८ लाखांचा, माझे ४० हजार, कर्ज ७ लाख ६० हजार आणि अनुदान २ लाख ८० हजार. मागच्या वर्षी ते कर्जात वळते झाले. वर साहेबांनी लिहिले आहे ते शब्दन् शब्द खरे आहे, आणि त्यात माझ्या अनुभवाची भर घालते.

अनुदान ठेवीत जमा झाल्यावरही माझ्या शाखेने आठ महिने पूर्ण कर्जावर साडेदहा टक्क्यांनी व्याज लावले. हप्ता जात होता, पण मुद्दल हलत नव्हते, आणि मला त्यातले काही कळत नव्हते. मुलीने बारावीच्या सुट्टीत पासबुक आणि खातेउतारा शेजारी ठेवून एकेक महिना पेन्सिलने तपासला, तेव्हा सुमारे १९ हजार ६०० रुपये जास्त गेल्याचे दिसले. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांचे ते पान अर्जाला जोडून लेखी दिल्यावर पाच आठवड्यांत ती रक्कम खात्यात परत आली. कोणी वाईट हेतूने केले असे मी म्हणत नाही, परंतु तोंडी विचारले तेव्हा तीन वेळा ‘सिस्टीममध्येच तसे आहे’ हेच उत्तर मिळाले होते. म्हणून अनुदान जमा झाले की त्याची तारीख लिहून ठेवा आणि दर तिमाहीला उतारा मागा.

उद्योगाच्या दारावर योजनेतून अर्थसहाय्य मिळाल्याचा फलक लावावा लागतो. पाहणीला आलेले अधिकारी फलकाचा, यंत्रांचा आणि माझा मोबाईलवर फोटो काढून घेऊन गेले. विजेची बिले, मिरची-धण्याच्या खरेदीच्या पावत्या आणि कामावरच्या दोघींच्या पगाराची वही मी एका फाईलमध्ये लावून ठेवली होती, त्यामुळे अर्ध्या तासात काम झाले.

दहा टक्के मागणाऱ्या गृहस्थांना नम्रपणे नकार द्या. अर्ज ऑनलाइन असतो, अर्जाला शुल्क नाही, उद्यम नोंदणीही मोफत आहे. मी अर्ज जिल्हा उद्योग केंद्रातल्या टेबलाशी बसून भरला आणि फक्त प्रकल्प अहवालासाठी सीएंना पैसे दिले. तो अहवाल मात्र दुसऱ्याचा उतरवून घेऊ नका. शाखेत मला पहिलाच प्रश्न विचारला गेला तो ‘एका किलो मिरचीत घट किती’ हा, आणि उत्तर माहीत होते म्हणून पुढचे बोलणे सोपे गेले.

उत्तर ३ : जालना_उद्योजक

व्याज परताव्याबाबत थोडक्यात लिहितो. आपण अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाच्या निकषांत बसत असाल, तर वैयक्तिक योजनेत १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याज, १२ टक्क्यांच्या दराच्या आत आणि जास्तीत जास्त साडेचार लाखांपर्यंत, महामंडळ परत करते. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा ८ लाख आहे. दोन गोष्टींत लोक चुकतात. पात्रता प्रमाणपत्र आधी काढायचे असते आणि बँकेकडे नंतर जायचे असते. दुसरे म्हणजे हप्ता आधी आपणच वेळेवर भरायचा आणि त्यानंतर व्याज खात्यात येते. हप्ता चुकला की परतावा अडकतो.

घाणा_खटाव

तिघांचेही मनापासून आभार. साहेब, आपल्या प्रश्नाने मी रात्री वही घेऊन बसले. अडीच किलो शेंगदाण्यातून साधारण एक लिटर तेल निघते. दाणा १२० रुपये किलो धरला, तर नुसत्या मालाचेच लिटरला ३०० रुपये होतात. पेंड शेजारचे म्हशीवाले घेऊन जातात, तिचे साठ-पासष्ट रुपये परत येतात. शेंगदाणा तेल मी ३८० ला आणि करडई ४०० ला विकते. ४ लाखांत म्हणजे सुमारे ३,३०० किलो दाणा येईल आणि त्याचे जेमतेम १,३०० लिटर तेल होईल. परंतु दोन घाणे पूर्ण चालवायला महिन्याला किती विकावे लागेल, ते मला नीट मांडता आले नाही. शिवाय एक नवीनच शंका आली. मी आधीपासून तेल विकत आहे आणि उद्यम नोंदणीही आहे, तर माझा उद्योग नवीन धरतील की जुना?

निवृत्त_शाखाधिकारी

ताई, आपण दाणा, तेल आणि पेंड यांचा जो हिशोब लिहिला आहे, तोच प्रकल्प अहवालाचा गाभा आहे. अहवालात तो जसाच्या तसा घाला.

खेळत्या भांडवलाचे गणित बँक असे करते. वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या २५ टक्के इतकी गरज धरायची, त्यातले विक्रीच्या २० टक्के बँकेने कॅश क्रेडिट म्हणून, म्हणजे लागेल तसे उचलायचे आणि भरायचे कर्ज म्हणून द्यायचे आणि ५ टक्के उद्योजकाने घालायचे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीपासून लहान उद्योगांसाठी हीच पद्धत रूढ आहे. आपल्या ४ लाखांतले ३ लाख ८० हजार बँकेचे धरले, तर त्यामागे वर्षाला १९ लाखांची विक्री दिसायला हवी, म्हणजे महिन्याला चारशे लिटरच्या आसपास. साठावरून चारशेवर पहिल्याच वर्षी जाण्याचा दावा मी खुर्चीवर असतो तर मान्य केला नसता.

त्यात आणखी एक मेख आहे. पीएमईजीपीत खेळत्या भांडवलाची मर्यादा तीन वर्षांत किमान एकदा पूर्ण वापरली गेली पाहिजे आणि एरवीही ७५ टक्क्यांहून कमी वापर असता कामा नये, नाहीतर त्या प्रमाणात अनुदान परत घेतले जाते. म्हणजे अनुदान जास्त मिळावे म्हणून मोठी मर्यादा मागितली आणि विक्री तेवढी झाली नाही, तर व्याजही जाते आणि अनुदानही.

आपली शंका अगदी योग्य आहे. पीएमईजीपीचे हे ३५ टक्क्यांचे अनुदान फक्त नव्या उद्योगासाठी आहे. स्वतःचे यंत्र नसताना मजुरीवर तेल काढून विकणे हा जुना उद्योग ठरतो की नाही, हे जिल्हा उद्योग केंद्राला लेखी विचारल्याशिवाय गृहीत धरू नका, आणि दोन वर्षांची विक्री लपवून तर अर्ज मुळीच करू नका. तीच विक्री बँकेपुढे आपली सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. मुद्रा घेऊन यंत्र आणायचे आणि मागाहून त्याच उद्योगावर हे ३५ टक्क्यांचे अनुदान मागायचे, हेही चालत नाही.

आपल्यासाठी मला दुसरी वाट अधिक सरळ दिसते, ती म्हणजे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना. जून २०२० मध्ये सुरू झालेली ही योजना आपल्या राज्यात कृषी विभाग राबवतो आणि तिच्यात चालू उद्योगाचा विस्तारही बसतो. पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान, आणि स्वतःचे किमान १० टक्के. येथेही अनुदान तीन वर्षे बाजूला राहते. फरक असा की अनुदान यंत्रे आणि मर्यादित बांधकाम यांवरच मिळते, खेळत्या भांडवलावर मिळत नाही. प्रकल्प अहवाल करून बँकेपर्यंत साथ देण्यासाठी कृषी विभागाने जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात आणि त्यांचे मानधन सरकार देते, त्यामुळे त्यांना काहीही द्यावे लागत नाही. योजनेची मुदत २०२५-२६ या आर्थिक वर्षापर्यंत ठरवलेली होती, म्हणून ती पुढे चालू आहे का ते आधी विचारा आणि या कामात चालढकल करू नका.

एक घाणा घेऊन मांडून पाहा. यंत्रे ३ लाख ८० हजार, शेड व वीज १ लाख ४० हजार, असे ५ लाख २० हजार. आपले ५२ हजार, मुदत कर्ज ४ लाख ६८ हजार, अनुदान १ लाख ८२ हजार. वर १ लाख ९० हजारांचे कॅश क्रेडिट. एकूण कर्ज साडेसहा लाखांच्या आसपास राहते, म्हणजे तारणाचा प्रश्नच उरत नाही. तरीही सातबारा मागितला तर रिझर्व्ह बँकेच्या आदेशाचा नम्रपणे उल्लेख करा. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा आणि ते पत्र घेऊन जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांना भेटा. त्या पत्राशिवाय तेथे गेलात तर बोलणे तोंडीच राहते.

दिवाळीपूर्वी हे सर्व होईल अशी आशा मात्र धरू नका. यंत्राची घाई न करता या हंगामाचा माल कसा घेता येईल ते पाहा. आपण ‘उमेद’च्या गटात आहात, तर याच योजनेत अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटसभासदाला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल मिळते. ते गटामार्फत येते आणि खेळत्या भांडवलासाठी वापरता येते.

घाणा_खटाव

साहेब, काल तालुका कृषी कार्यालयात जाऊन आले. संसाधन व्यक्तीने माझी वही पाहिली, कोटेशन एका घाण्याचे नव्याने मागवायला सांगितले आणि दोन वर्षांच्या विक्रीच्या नोंदी, यूपीआयने आलेल्या पैशांच्या उताऱ्यासह, अर्जाला जोडायला सांगितल्या. बीजभांडवलाचा ठराव गटाच्या येत्या बैठकीत घेणार आहोत. त्या ४० हजारांत माझ्या शिलकेतले ५० हजार घालून या दिवाळीत साडेसातशे किलो दाणा घेईन आणि तोवर शेजारच्याच घाण्यावर तेल काढेन. शिलकेतले उरलेले ७५ हजार प्रकल्पातल्या स्वतःच्या हिश्श्यासाठी राखून ठेवले आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये करडई निघते, तेव्हा ती स्वतःच्या घाण्यात पडावी असा प्रयत्न आहे. तासगावच्या ताई, खातेउतारा तपासण्यासाठी आपल्या मुलीने कसे रकाने आखले होते, ते जमल्यास इथे लिहाल का?

तासगावची_मसालेवाली

जरूर. पाच रकाने : तारीख, महिन्याच्या सुरुवातीची कर्जबाकी, त्यातून वजा ठेवीतील अनुदान, उरलेल्या रकमेवर आपण काढलेले व्याज, आणि बँकेने लावलेले व्याज. शेवटच्या दोन रकान्यांत फरक दिसला की त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. वहीचा फोटो उद्या सकाळी टाकते.